इस्त्री केलेले शेत

अंड्याची टरफले. चहाचा चोथा, अजून कोमट.

एक लोखंडी पाते. खाटेएवढे रुंद, उन्हात चकाकणारे.

“वहिनी, तुमच्यासाठी एक सरप्राइज आहे.”

कोबीचे बाहेरचे पान. ते ऊन खाऊन आतल्या पानांना मोठे करते. आतली पाने ताटात जातात. बाहेरचे फेकून देतात.

टाइल्सच्या खोक्यावर छापलेले दोन शब्द: कायम चमक.

थंडीच्या सकाळी कोपऱ्यातून निघणारी वाफ. शेजारी भिंतीवरून डोकावून ओरडतो, “अहो, तुमच्याकडे काहीतरी जळतंय!” काहीही जळत नाही.

टाय घातलेला एक पाहुणा बूट आपटून म्हणतो, “वा! काम भक्कम आहे.”

एक शिंक.

मित्रांनो, या तुकड्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, असे तुम्हाला वाटत असेल. थोडा धीर धरा. माझा धंदाच तो आहे. एकमेकांशी काही संबंध नसलेल्या गोष्टी माझ्याकडे येऊन पडतात आणि काही दिवसांनी कोणती कुठे संपते ते कोणालाच सांगता येत नाही.

मी एक जुना उकिरडा आहे.

नाकाविषयी

नाक सोडा. माझ्यापासून तुमच्यापर्यंत वास येत नाही, मधे कागद आहे.

आणि नीट ठेवलेल्या उकिरड्याला वास येतच नाही, ही गोष्ट मी जन्मभर सांगत आलो आहे. घाण वास येतो तो दुर्लक्षाचा. पण ऐकतो कोण? तुमची आई खोलीत येते आणि म्हणते, “काय उकिरडा करून ठेवलायस!” मला विचाराल तर ती माझी बदनामी आहे. तुमच्या पलंगाखाली पडलेला मोजा वर्षभराने मोजाच असतो. तोच सुती मोजा माझ्याकडे आला तर वर्षभराने टोमॅटो होतो. मग उकिरडा ही शिवी की पदवी?

म्हणे बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव उघडते. बारा वर्षे? मला एक हंगाम पुरतो. बारा वर्षे लागतात ती माणसांचे डोळे उघडायला, आणि तेवढीही पुरत नाहीत, हे मी पुढे दाखवणार आहे. दाखवताना माझा आवाज चढला तर चढू द्या. आजवर मला खूप जणांनी दाबून पाहिले आहे.

ताप

गावाच्या कडेला एक बैठे घर होते, अर्धे काकूचे, अर्धे तिच्या धाकट्या दिराचे. घरामागे गोठा, गोठ्यामागे भिंतीचा कोपरा आणि त्या कोपऱ्यात मी. तिथून जमीन उतरत खाली ओढ्यापर्यंत जात होती. उताराच्या वरच्या अंगाचे शेत काकूचे. खालच्या अंगाचे शेत दिराचे.

मला काकूने घडवले. तिचा नवरा लवकर गेला. त्यानंतर ती वरच्या शेतात भाज्यांची रोपे वाढवून विकू लागली: टोमॅटो, मिरची, कोबी. त्या रोपांसाठी तिला मी हवा होतो. तिने सुका पाला अंथरला, त्यावर शेण, त्यावर स्वयंपाकघरातले उष्टे-खरकटे, पुन्हा पाला. आणि प्रत्येक थरावर शेतातली मूठभर माती टाकली, विरजण लावतात तशी.

माझ्या पोटात एक जुन्या छत्रीची दांडी खुपसलेली असे. काकू रोज सकाळी ती उपसायची आणि तिचे टोक मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवायची. चटका बसला की खूश व्हायची. “ताप आहे,” असे स्वतःशीच म्हणायची आणि दांडी परत खुपसायची. मित्रांनो, जगात ताप आला म्हणून ज्याचे कौतुक झाले असा मी एकटाच. दांडी गार निघाली की मात्र काकू घाबरायची. मग मला फावड्याने खालवर करून हवा द्यायची, पाणी शिंपडायची आणि वर बोलणीही ऐकवायची. “सुस्तावलास का? खायला घालते ते फुकट जातंय का?”

तिची जाऊ, म्हणजे दिराची बायको, केर टाकायला यायची आणि हमखास काहीतरी भलते टाकून जायची. एकदा दाढीचे ब्लेड निघाले.

“अगं, ह्याला दात आहेत का ब्लेड चावायला?” काकू ओरडली.

“ताई, उकिरडाच तर आहे तो.”

“मग तुझ्या भाजीत आलं की म्हणू का, भाजीच तर आहे ती?”

काकू गोड स्वभावाची होती, असे सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. ती हट्टी होती. मला दुसऱ्या कोणी हात लावलेला तिला खपत नसे. कोंबडी माझ्यावर चढली तर ती चप्पल फेकायची, आणि नेम चुकून चप्पल माझ्यातच पडली तर ती मलाच रागवायची.

मी जातो आणि उरतो

हंगामाच्या आधी काकू मला टोपल्यांतून वरच्या शेतात न्यायची. तळाचा थर मात्र कोपऱ्यातच ठेवायची. म्हणजे मी शेतात गेलेला असायचो आणि कोपऱ्यातही असायचो. हे कोडे वाटत असेल तर दही लावणाऱ्या कोणालाही विचारा.

म्हणून मी शेतातले सगळे पाहिले आहे. वरच्या शेतातली माती काळी होती. मुठीत दाबली तर लाडवासारखी वळायची आणि बोट लावताच भुरभुरायची. तिच्यावर पडलेला पाऊस पळून जात नसे. तो आत शिरायचा आणि बरेच दिवस मुक्काम करायचा. एक चिमूट माती म्हणजे केवढी मोठी वस्ती होती! गांडुळे, किडे, बुरशीचे धागे आणि डोळ्यांना न दिसणारे कितीतरी जीव. सगळे खाणारे, सगळे राबणारे, आणि एकाच्याही नावाची पाटी नाही.

काकूची रोपे न्यायला लांबून माणसे यायची. एक मिशीवाले बागवान दर हंगामात तेच विचारायचे.

“काकू, खरं सांगा, कोणतं औषध मारता?”

“औषध आजाऱ्याला. ही काय आजारी दिसतायत?”

“नाही हो. म्हणून तर विचारतोय.”

“मग रोपं उचला आणि चालू पडा. उन्हात सुकतील.”

माझे नाव कोणी घेत नसे. मला त्याचा राग नव्हता. मला राग आला तो नंतर.

घडी

आता काकूच्या दिराची ओळख करून देतो. त्यांना सगळे इस्त्रीकाका म्हणत. त्यांना घडी, सुरकुती, चुणी सहन होत नसे. ते रुमालाला इस्त्री करत. मोज्यांना करत. उशीच्या अभ्र्याला, उशी आत असताना, करत. त्यांची बायको म्हणायची, “मी दुपारी पडते तेव्हा एक डोळा उघडा ठेवते. न जाणो, माझ्यावरूनही फिरवतील.”

माणूस वाईट नव्हता. काकूच्या बाजूचे पत्रे उडाले तेव्हा स्वतः वर चढून त्यांनी ते बसवले होते, अगदी एका रेषेत. म्हणूनच माझा संताप जास्त आहे. वाईट माणसाने जमीन नासवली तर निदान त्याला शिव्या देता येतात. नीटनेटक्या, सज्जन, वेळेवर उठणाऱ्या माणसाचे काय करायचे?

पीक निघाले की शेतात धसकटे उरतात. इस्त्रीकाकांना ती बघवत नसत. “दाढी वाढल्यासारखं दिसतं,” असे म्हणून ते पेटवून देत. जे जमिनीच्या पोटात जायचे ते धूर होऊन गेले. बांधावरचे गवत त्यांनी खरवडून काढले. मग ओढ्याचे पाणी गढूळ होऊ लागले, कारण उतारावर माती धरून ठेवणारे कोणी उरले नाही. तो गढूळपणा म्हणजे त्यांचेच शेत होते, मित्रांनो. ते डोळ्यांसमोरून वाहत जात होते आणि इस्त्रीकाका कट्ट्यावर बसून म्हणत होते, “यंदा ओढ्याला पाणी छान आहे.”

गाई गेल्या. त्या घाण करतात म्हणून गेल्या. शेणाच्या जागी पोती आली, पांढऱ्या दाण्यांची. खोटे कशाला बोलू? सुरुवातीला खालच्या शेतात पीक जोरात आले. इस्त्रीकाका मला ऐकू जाईल असे म्हणाले, “बघा, न कुजवता येतं!” मग तेवढ्याच पिकाला जास्त पोती लागू लागली. मग जास्त पोत्यांनाही पीक कमी येऊ लागले. उपाशी माणसाला टॉनिकच्या नुसत्या बाटल्या पाजाव्यात तसे चालले होते. पोते वाईट असेल नसेल, पण जेवण कुठे होते? माती घट्ट झाली. तिच्यावर कवच धरू लागले. आत राहणारे जीव एकेक करून गेले, आणि ते जाताना कोणी निरोपाला आले नाही.

पाऊस झाला की खालच्या शेतातल्या खळग्यात पाणी साचून राही. पूर्वी ते जिरायचे. आता जिरायला वाट नव्हती. इस्त्रीकाकांनी बराच विचार केला आणि रोग शोधून काढला.

“शेत सपाट नाही.”

आजार रेड्याला आणि डाग पखालीला, असे म्हणतात ते खोटे नाही.

पिशवी हवी का?

त्या सुमारास काकूच्या बहिणीच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. काकूची रोपे नुकतीच विकली गेली होती, वाफे रिकामे होते. बहीण चालू लागेपर्यंत तिच्याकडे राहायला काकू गेली. निघताना छत्रीच्या दांडीकडे बोट दाखवून जावेला म्हणाली, “रोज बघ गं. गार लागली तर हलव.”

“हो ताई, जा तुम्ही निर्धास्त.”

दांडीकडे कोणी पाहिले नाही. एक यंत्र आले. त्याला खाटेएवढे रुंद पाते होते. उंचवटा खरवडायचा आणि खळगा भरायचा, एवढे एकच त्याला येत होते.

उंचवटा म्हणजे काकूचे शेत. खळगा म्हणजे दिराचे.

यंत्र चालवणाऱ्या माणसाने एकदा विचारले. दुकानदार ‘पिशवी हवी का?’ विचारतो, अगदी त्या सुरात. “वरची काळी आधी बाजूला काढून ठेवायची का? मग शेवटी परत पसरू. एक दिवस जास्त लागेल.”

इस्त्रीकाका हसले. “माती ती माती. काळी काय न् पिवळी काय. सपाट झाल्याशी मतलब.”

“बरं,” असे म्हणून त्याने पाते खाली टेकवले.

हे एक वाक्य मी पुन्हा लिहितो, कारण माझ्या आयुष्यात याहून मोठा गुन्हा घडला नाही आणि तो घडताना कोणी आवाजसुद्धा चढवला नाही. माती ती माती.

वरच्या शेताची सगळी काळी माती, जिच्यात मी होतो, खरवडली गेली आणि घरंगळत खाली खळग्यात जाऊन पडली. मग वर उघडी पडलेली पिवळी, कडक, खडीची माती खरवडून तिच्यावर टाकली. मग त्यावरून पाते पुन्हा फिरले. आणि पुन्हा. जिवंत माती तळाला, मेलेली माती वर. संध्याकाळी इस्त्रीकाका बांधावर उभे राहून एक डोळा मिटून बघत होते. कुठे एक घडी दिसत नव्हती. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आले.

त्यानंतर गोठा पाडला. त्या जागी कारसाठी फरशी घालायची होती, कारण इस्त्रीकाकांच्या लेकीच्या सासरची माणसे येणार होती. जागा खोलगट होती. भराव हवा होता. गवंडी म्हणाला, “खडी मागवा.” इस्त्रीकाकांनी कोपऱ्याकडे पाहिले.

“हे आहे की. कशाला मागवायचं?”

“साहेब, हे बसेल खाली.”

“धुम्मस मार चांगली. दाबलं की सगळं बसतं.”

गरज सरो, वैद्य मरो. इथे तर वैद्याला पुरून वर गाडी लावली.

फरशीखाली

हा भाग अंधारातला आहे. वाक्ये तुटतील.

वर धुम्मस. धप. धप. छत्रीची दांडी वाकली. मग वाळू. मग सिमेंट. मग टाइल्स, कायम चमक. हवा नाही. ऊन नाही. पाऊस नाही. वर गाडीचे दार आपटते. नवे आवाज, बूट. “वा! काम भक्कम आहे.” हसणे. चहाचा वास. चोथा मात्र माझ्याकडे येत नाही. चोथा आता प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून जातो. कुठे? कुठेतरी. माणसांना ‘कुठेतरी’ फार आवडते.

मी संतापाने काळा झालो असतो, पण आधीच होतो.

शिंक

काकू परत आली. इस्त्रीकाका तिला फाटकातूनच शेताकडे घेऊन गेले. तिच्या हातात पिशवी तशीच होती.

“वहिनी, तुमच्यासाठी एक सरप्राइज आहे. डोळे मिटा.”

“कशाला?”

“मिटा तर! हां, आता उघडा. सांगा कसं वाटतंय? कॅरम मांडा हवं तर.”

काकूने पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, “माझं शेत कुठाय?”

“हे काय, तुमच्या पायाखाली.”

“हे नाही. माझं.”

“वहिनी, शेत काय चालत जातं का कुठे?”

“माती कुठाय, भाऊजी?”

“ती ना? खाली गेली खळग्यात. थोडी सरकवली हो फक्त. वर पिवळी टाकली, म्हणजे रंगही एकसारखा झाला. आधी कसं ठिगळ लावल्यासारखं दिसायचं.”

“सरकवली.”

“तुम्हाला काही त्रास दिला नाही मी. एकदाही फोन केला नाही.”

काकू खाली बसली आणि तिने मूठभर माती उचलली. मुठीत ती वळली नाही. बोटांतून पिठासारखी उडाली आणि काकूला शिंक आली. त्या शेतात कोणाला शिंक आलेली मी कधी ऐकली नव्हती.

मग ती गोठ्यामागच्या कोपऱ्याकडे निघाली. गोठा नव्हता. कोपरा नव्हता. चकचकीत फरशी होती आणि तिच्यावर गाडी उभी होती. जाऊ मागून आली आणि म्हणाली, “बघा ताई, आता अजिबात वास येत नाही.”

मी काकूच्या पायाखालीच होतो. उकिरड्याला हाक मारता येत नाही, मित्रांनो.

पुढच्या वेळी येतो

काकूने तरीही बी टाकले. सवय सुटत नाही. पाणी घातले की वर कवच धरायचे. ते फोडून जी रोपे बाहेर आली ती काडीसारखी बारीक आणि फिकट पिवळी होती. मिशीवाले बागवान आले. त्यांनी एक रोप उचलून पाहिले, मुळाकडे पाहिले आणि ते अलगद परत ठेवले.

“काकू, या खेपेला जरा… पुढच्या वेळी येतो.”

इतके सभ्यपणे ते आधी कधी बोलले नव्हते. त्यातच काय ते कळले. दुसरे गिऱ्हाईकही पुढच्या वेळी येणार होते. तिसरे आलेच नाही.

एक दिवस जाऊ काकूच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिली. तिच्या मनात खरोखर माया होती, म्हणून तिचे बोलणे जास्त लागले. “ताई, पुरे की आता. वय झालं. कशाला त्या वाफ्यांत वाकायचं? आमच्यात जेवत जा. दोन घास जास्त शिजवायला मला काही जड नाही.”

काकू म्हणाली, “विचार करते.”

काकूने ‘विचार करते’ म्हटलेले तोवर कोणी ऐकले नव्हते. रोपांवर तिची चूल पेटत होती. स्वतःची चूल, स्वतःचे मीठ, स्वतःचा हट्ट. ती माती खळग्यात गेली तेव्हा हे सगळे तिच्याबरोबर गेले होते. पाते फिरवणाऱ्याला ते दिसले नव्हते, कारण ते सपाट होते की उंच होते हे मोजता येत नाही.

आणि इस्त्रीकाकांचे? त्यांचे शेत तर आरसा झाले होते. आरशात जे उगवते तेच तिथे उगवले.

शेवटी त्यांनी माती तपासणाऱ्या एका बाईंना बोलावले. बाईंनी एक लांब नळी जमिनीत घातली, फिरवली आणि बाहेर काढली. नळीत वर पिवळे होते, खाली काळे. त्यांनी ती उलटी धरून पाहिली.

“हे मी उलटं तर नाही ना घातलं?”

“नाही,” काकू म्हणाली. “नळी सुलटी आहे.”

बाईंना सगळे सांगितले. त्यांनी कपाळाला हात लावला नाही, की भाषण दिले नाही. एवढेच म्हणाल्या, “खायला घालणारा थर तुम्ही पुरलात. मुळं तिथवर पोचत नाहीत.”

“पण सपाट झालंय ना?” इस्त्रीकाकांनी विचारले. त्यांच्या आवाजात एवढी आशा होती की मला क्षणभर त्यांची कीव आली. क्षणभरच.

“हो, सपाट झालंय. डायनिंग टेबलही सपाट असतं, काका. त्यावर वाढावं लागतं, तिथे उगवत नाही.”

कापड

आता माझा सूड ऐका. मला हात नाहीत, पाय नाहीत, तोंड नाही. मला एकच गोष्ट येते: कुजणे. फरशीच्या कडेने थोडे पाणी आत झिरपले आणि मी कामाला लागलो. मी कुजलो, आणि कुजता कुजता बसलो. आधी एक टाइल पोकळ वाजू लागली. मग तिचा कोपरा खचला. मग दोन टाइल्समधल्या फटीतून एक पांढरी कुत्र्याची छत्री वर आली. इस्त्रीकाकांनी ती उपटली. सकाळी तिथे चार होत्या.

पावसाळा संपता संपता गाडी एका बाजूला कलली. इस्त्रीकाका रोज गुडघ्यांवर बसून फरशीला डोळा लावायचे. त्यांना झोप लागेना. गवंड्याला बोलावले.

“मी म्हणालो होतो, बसेल,” गवंडी म्हणाला. “आता सगळं उकरून काढावं लागेल.”

टाइल उचलली आणि मला उजेड दिसला. काकू तिथेच उभी होती. तिने मला हातात घेतले, मुठीत दाबले. मी वळलो.

इस्त्रीकाका म्हणाले, “वहिनी, न्या हे तुमच्या शेतात. सगळं न्या. झालं ना तुमचं समाधान?”

“हे माझंच आहे. माझंच मला देऊन उपकार नका करू.” काकूने हात झटकले नाहीत. “खळग्यातली माती वर आणून द्या.”

“म्हणजे? माझं शेत खणू?”

“हो.”

“अहो, एवढं सपाट केलेलं…”

“हो. ते.”

“वहिनी, खड्डे पडतील. जन्मभर तोंडासमोर खड्डे बघू का मी?”

“मी काय बघू? तुमच्या पंगतीतलं ताट?”

तेव्हा जाऊ पुढे आली. हातात वाळत घालायचा टॉवेल होता. “अहो, इस्त्री करायला आधी कापड लागतं. तुम्ही कापड फेकून दिलंत आणि नुसत्या टेबलावर इस्त्री फिरवलीत. द्या त्यांची माती त्यांना.” मग काकूकडे न बघता म्हणाली, “ती दांडी मी बघायला हवी होती.”

गवंडी हसला. मग त्याला वाटले, हसायला नको होते.

इस्त्रीकाका घरात गेले. बाहेर आले तेव्हा अंगात इस्त्री न केलेला सदरा होता. ते शेताच्या मधोमध गेले आणि कुठून खणायचे ते यंत्रवाल्याला दाखवायला त्यांनी टाचेने एक खूण केली. ती मात्र सरळ रेषेत होती.

जे परत आले

सगळे परत आले, असे सांगून मला ही गोष्ट संपवता आली असती. मी ते सांगणार नाही. खणल्यावर काळा पट्टा दिसला, पण तो दबला होता, आंबट वास मारत होता, त्यातले बरेच जीव गुदमरून गेले होते. पिवळी माती त्यात मिसळली होती. दुधात घातलेले पाणी परत काढता येत नाही. थोडी माती पावसात आधीच ओढ्याला मिळाली होती. जे वर नेले ते एका वाफ्याला पुरले, दुसऱ्याला जेमतेम.

काकू जावेच्या पंगतीला गेली नाही. पहिल्या वाफ्यातली रोपे विकण्याजोगी झाली. बागवानांनी ती नेली, सगळी नाही, पण नेली. बाकीचे शेत अजून पिवळे आहे. इस्त्रीकाका त्या बाजूची खिडकी बंद ठेवतात. पण खालच्या शेतात यंदा धसकटे पेटली नाहीत. जाऊ म्हणते, त्यांना धूर सोसत नाही. असेल.

मी भिंतीच्या दुसऱ्या कोपऱ्यात आहे. लहान आहे.

मित्रांनो, आपले आत्मवृत्त सांगणारे सगळे शेवटी विनंती करतात. मी करणार नाही. माझी ताकीद आहे. तुमच्या पायाखाली जे आहे त्याला घाण म्हणू नका. त्याच्यावर नीटनेटकेपणा करू नका. उघडे पाडू नका, जाळू नका, खरवडू नका, फरशीखाली गाडू नका आणि वर ‘माती ती माती’ म्हणू नका. ज्याला माती करता येत नाही त्याने ती सरकवू नये. आज तुमच्या ताटात जे आहे ते कोणाच्या तरी उष्ट्यातून, पाल्यातून, शेणातून आणि कंबर मोडून केलेल्या कामातून आले आहे. त्या ताटात काही उरले तर ते पिशवीत घालून गाठ मारण्याआधी मला आठवा, आणि थोडी लाज वाटू द्या. लाजेचेही खत होते.

माझ्या जन्माआधी वाटणी झाली तेव्हा वरचे शेत कोणालाच नको होते. तिथे नुसते खडे होते. म्हणून ते काकूला दिले.